जुन्या युनिक्सवर मॉडेम हळू चालतो? आधी वेग कुठे अडलाय ते शोधा

मॉडेम म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या लाइनवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणारी डबी. तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "मॉडेम स्लो झालाय." मशीनसमोर बसून पाहिले की या वाक्यामागे वेगवेगळी दुखणी निघतात. तुमचे दुखणे यांतले कोणते ते आधी ओळखा.

- फोन लागतो, पण 'कनेक्ट'पुढचा आकडा (सेकंदाला किती बिट जातात तो) लहान येतो. पूर्वी २८,८०० किंवा २६,४०० यायचा, आता ९,६०० किंवा ४,८०० येतो.
- आकडा चांगला येतो, तरी फाइल जायला पूर्वीच्या कितीतरी पट वेळ लागतो.
- फाइल आधी पळते, मग मॉडेमचे दिवे काही सेकंद थबकतात, पुन्हा चालू होतात. असे वारंवार होते.
- लॉगिनच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात.
- कोरड्या दिवसात बरे चालते, पाऊस लागला की बिघडते.
- निपाणीच्या शाखेशी नीट चालते, कोल्हापूरच्या मुख्य कचेरीशी नाही.
- वीज जाऊन आली की त्यानंतर सगळे मंदावते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पतसंस्था, तंबाखूच्या वखारी आणि उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमधली एससीओ युनिक्सची (एससीओ कंपनीच्या युनिक्सवर चालणारी) मशीन मी नव्वदच्या दशकापासून सांभाळत आलो आहे. आता ती थोडीच उरली आहेत. पण जिथे आहेत तिथे दिवसाचे आकडे अजून मॉडेमनेच मुख्य कचेरीला जातात, आणि ते गेल्याशिवाय कॅशियरला घरी जाता येत नाही. कनेक्शन रखडले की त्या माणसाची शेवटची बस चुकते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

(खालच्या आज्ञा मशीनवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

वेग एक नाही, दोन

संगणक आणि मॉडेम यांच्यामध्ये सिरियल केबल असते. तिच्यावरचा वेग हा पहिला, त्याला मी पोर्टचा वेग म्हणेन. तुमचा मॉडेम आणि पलीकडचा मॉडेम यांच्यामध्ये टेलिफोनची लाइन असते. तिच्यावरचा वेग हा दुसरा. गुऱ्हाळात घाणा कितीही जोरात फिरला तरी ऊस घालणारा हात संथ असेल तर रस तेवढाच पडतो. इथेही दोन्हींपैकी जो वेग कमी, त्याच वेगाने फाइल जाते.

हिशेब करून पाहा. सिरियल पोर्टवर एका अक्षराला आठ बिट, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे दहा बिट लागतात. पोर्ट ९,६०० वर असेल तर सेकंदाला ९६० अक्षरे जातील. एक मेगाबाइटची फाइल म्हणजे कमीत कमी अठरा मिनिटे. तोच पोर्ट ३८,४०० वर ठेवला तर केबलवर तिला साडेचार मिनिटे पुरतात. आता कोणी ३३,६०० चा नवा मॉडेम आणला आणि युनिक्सच्या मांडणीच्या फाइलमधली ९,६०० ची जुनी नोंद तशीच राहिली, तर नव्या मॉडेमचा उपयोग शून्य. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की मॉडेम बदलण्याआधी पोर्टचा वेग विचारतोच.

पुढची प्रत्येक तपासणी या दोनपैकी कोणत्या वेगासाठी आहे हे लक्षात ठेवले की निम्मे काम वाचते.

१. आकडा कशाचा, ते वाचा (खर्च काही नाही)

'कनेक्ट ३८४००' असे दिसले म्हणून लाइन ३८,४०० ने जोडली असे नव्हे. दोन्ही टोकांना साधी टेलिफोन लाइन असेल तर ३३,६०० च्या वर जाताच येत नाही. ५६के मॉडेमचा मोठा वेग एक टोक थेट डिजिटल जोडणीवर असेल तरच मिळतो. म्हणजे शाखेत आणि कचेरीत दोन्हीकडे ५६के मॉडेम आणून बसवले तरी वेग ३३,६०० च्या पुढे जाणार नाही. त्यावर पैसे घालू नका.

ओळखायची खूण सोपी आहे. ३८,४००, ५७,६००, १,१५,२०० हे आकडे पोर्टचे. व्ही.३४ मॉडेमवर (३३,६०० पर्यंतच्या मॉडेमचे हे प्रमाण) लाइनचा वेग २,४०० च्या पायऱ्यांनी उतरतो: ३३,६००, ३१,२००, २८,८००, २६,४००, २४,००० असा. दर कॉलला एकच आकडा येत असेल आणि लाइन बरी-वाईट झाली तरी तो हलत नसेल, तर मॉडेम तुम्हाला पोर्टचा वेग सांगतो आहे. रॉकवेल चिपच्या मॉडेमला 'एटीडब्ल्यू२' दिले की तो लाइनचा वेग सांगू लागतो. यूएस रोबोटिक्सचे मॉडेम बहुधा लाइनचाच सांगतात आणि पुढे 'एआरक्यू' लिहितात. त्याचा अर्थ चूक-दुरुस्ती चालू आहे. ते नसेल तर नोंद करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मॉडेमशी थेट बोलण्यासाठी युनिक्सचा 'सीयू' हा प्रोग्राम वापरा. एससीओवर पहिल्या सिरियल पोर्टची दोन नावे असतात. शेवटी लहान 'ए' असलेले नाव मॉडेमच्या सिग्नलकडे न पाहणारे, मोठा 'ए' असलेले नाव कॅरियर (पलीकडच्या मॉडेमचा सूर) आहे की नाही ते पाहणारे. मॉडेमला आज्ञा द्यायला लहान 'ए'वर 'सीयू -एल' आणि शेवटी 'डीआयआर'. बाहेर पडायला नव्या ओळीवर टिल्ड आणि टिंब. पोर्टवर गेटी (येणाऱ्या कॉलला लॉगिन विचारणारा प्रोग्राम) चालू असेल तर आधी 'डिसेबल' करा, आणि काम झाल्यावर 'एनेबल' करायला विसरू नका, नाहीतर रात्री मुख्य कचेरीचा फोन येईल आणि मशीन उचलणार नाही.

कॉल संपल्यावर लगेच 'एटीआय६' टाइप करा (यूएस रोबोटिक्स). रॉकवेलच्या पुढच्या चिपांवर 'एटी&व्ही१'. गेल्या कॉलचा सगळा जमाखर्च समोर येतो: वेग किती, माहितीचे किती ठोकळे पुन्हा पाठवावे लागले, किती वेळा रीट्रेन झाले. रीट्रेन म्हणजे दोन्ही मॉडेमनी मध्येच थांबून वेग नव्याने ठरवणे. ही संख्या मोठी असेल तर दुखणे लाइनमध्ये आहे, युनिक्सच्या फाइलींना हात लावू नका. रीट्रेन शून्य, पुन्हा पाठवलेले ठोकळे जवळपास शून्य आणि तरी फाइल हळू, तर लाइन निर्दोष आहे. थेट पाचव्या आणि सहाव्या तपासणीकडे जा.

ही एक आज्ञा सगळ्या तर्ककुतर्कांपेक्षा मोलाची आहे. कॉल चालू असताना चिडून मॉडेम बंद-चालू केला की हा जमाखर्च पुसला जातो, तेवढे टाळा.

२. लाइन कानाने ऐका

साधा तारेचा फोन घ्या, कॉर्डलेस नको. मॉडेमच्या जागी तो लावा, उचला आणि कोणताही एक आकडा दाबा. डायल टोन बंद होतो आणि काही सेकंद लाइन गप्प होते. त्या शांततेत कान द्या. खरखर, घूं असा सलग आवाज, मागे दुसऱ्याचे बोलणे, यातले काहीही ऐकू आले तर लाइन आजारी आहे.

"पण फोनवर तर बोलणे स्वच्छ ऐकू येते," असे हमखास सांगितले जाते. ऐकू येणारच. माणसाचे कान आणि मेंदू तुटके शब्दही जोडून घेतात. व्ही.३४ मॉडेम मात्र टेलिफोनच्या ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या जवळजवळ सगळ्या पट्ट्यात माहिती भरतो, आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला थोडी जरी गळती असली तरी त्याला वेग उतरवावा लागतो. बोलण्यापुरती चांगली लाइन मॉडेमपुरती चांगली असतेच असे नाही.

आता इमारतीतल्या जोडण्या काढा. एकेक करून नको, सगळ्याच एकदम: वरच्या मजल्यावरचा समांतर फोन, फॅक्स, नंबर दाखवणारी डबी, इंटरकॉमची पेटी. बाहेरची तार जिथे पहिल्या रोझेटला (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीला) येते तिथे आखूड वायरने मॉडेम एकटाच लावा आणि कॉल करा. वेग वाढला तर दोषी आत आहे. मग एकेक वस्तू परत लावत जा, कळेल कोण ते. प्रत्येक समांतर जोडणी सिग्नलचा थोडा वाटा खाते, आणि लांबची मोकळी सोडलेली वायर सगळ्यात जास्त. जुन्या वाड्यांमध्ये कधीकाळच्या फोनची वायर माळ्यावर तशीच लोंबत असते. ती रोझेटमधून सोडवून टाका.

त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मॉडेमच्या आधी फिल्टर हवाच. कॉल वेटिंग बंद करून घ्या, कारण तिची एक 'बीप' कॅरियर तोडू शकते.

मल्टिमीटर असेल तर फोन ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी दिसते. आकडा बराच कमी असेल किंवा सारखा हलत असेल तर कुठेतरी ओल शिरली आहे. हे मोजताना कुणाचा कॉल आला तर घंटीचा व्होल्टेज झटका देतो, म्हणून उघड्या तारेला बोट लावू नका. आकाशात गडगडत असेल तर लाइनला हातच लावू नका. एप्रिल-मे मधला वळीव आपल्याकडे मॉडेमचा सर्वात मोठा शत्रू आहे. ढग दाटले की मॉडेमची लाइन आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही काढून ठेवण्याची सवय सगळ्या शाखांनी लावून घ्यावी.

३. अ‍ॅडॅप्टर, जागा आणि वीज

मॉडेमचा अ‍ॅडॅप्टर फार गरम लागत असेल, किंवा मॉडेम तासाभराने बिघडत असेल, तर अ‍ॅडॅप्टर बदलून पाहा. नव्यावर व्होल्टेज तोच हवा, आणि एसी की डीसी तेही तपासा. काही मॉडेम ९ व्होल्ट एसी घेतात. त्यांना डीसी अ‍ॅडॅप्टर लावू नका, आणि डीसीवाल्यांना एसी लावू नका.

मॉडेम यूपीएसच्या डोक्यावर ठेवू नका. फाउंड्रीत टेलिफोनची वायर मोटरच्या केबलशेजारून नेली असेल तर ती वेगळ्या वाटेने न्या, निदान काटकोनात ओलांडू द्या.

वीज गेल्यानंतरच मंदावत असेल तर कारण बहुतेक वेळा हे असते: कोणीतरी मॉडेमला योग्य आज्ञा दिल्या, पण '&डब्ल्यू' देऊन त्या साठवल्या नाहीत. वीज परत आली की मॉडेम जुन्या मांडणीवर उठतो. आज्ञा पुन्हा द्या, '&डब्ल्यू' करा, मॉडेम बंद-चालू करून त्या टिकल्या का पाहा. टिकल्या असतील तर या दुखण्याची तपासणी संपली.

४. दुसरा नंबर लावून पाहा

हा प्रयोग तीन कॉलच्या खर्चात सर्वात जास्त सांगून जातो. बेळगावातून बेळगावातल्याच दुसऱ्या मॉडेमला फोन करा, मग ०२३१ लावून कोल्हापूरला, मग ०८३३८ लावून निपाणीला.

शहरातल्या शहरात वेग चांगला आणि बाहेर सगळीकडे कमी, तर मधल्या ट्रंकवर (दोन एक्सचेंजांमधल्या लाइनवर) अडचण आहे. फक्त एका ठिकाणी कमी, तर त्या टोकाची लाइन किंवा तिथला मॉडेम. सगळीकडे कमी, तर आपलीच लाइन. कोल्हापूरचा कॉल कर्नाटकातून महाराष्ट्रात जातो, दोन्हीकडची टेलिफोन मंडळे वेगळी, त्यामुळे तक्रार कुणीकडे करायची हे आधी ठरवले नाही तर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. तिन्ही आकडे कागदावर असतील तर हा वाद होत नाही.

शक्य असेल तर कॉल उलट्या बाजूनेही करवून घ्या.

५. युनिक्सच्या नोंदी

आता पोर्टचा वेग. इथे खर्च नाही, पण शांत डोके हवे. कोणतीही फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढा.

एससीओवर यूयूसीपीच्या (एका युनिक्स मशीनवरून दुसऱ्यावर फाइल पोचवणाऱ्या व्यवस्थेच्या) 'डिव्हाइसेस' फाइलमध्ये मॉडेमच्या ओळीत वेग लिहिलेला असतो. तोच वेग 'सिस्टीम्स' फाइलमध्ये पलीकडच्या मशीनच्या ओळीतही असतो, आणि दोन्ही जुळले तरच फोन लागतो. एकीकडे बदलून दुसरीकडे विसरले की 'डिव्हाइस मिळत नाही' अशी तक्रार येते आणि लोक घाबरून ९,६०० वर परत जातात. दोन्हीकडे ३८,४०० करा. जुन्या सिस्टीम फाइव्ह युनिक्समध्ये सरळ लिहिता येणारा सर्वात मोठा वेग बहुधा हाच असतो, आणि आपल्या कामाला तो पुरतो.

येणाऱ्या कॉलसाठी 'गेटीडेफ्स' फाइल पाहायची. तिथल्या प्रत्येक नोंदीत वेग असतो आणि शेवटी 'जमले नाही तर पुढची नोंद कोणती' ते लिहिलेले असते. लॉगिनला भलतीच अक्षरे येण्याचे मूळ इथेच असते. मॉडेम दर कॉलला लाइनच्या वेगाप्रमाणे पोर्टचा वेग बदलतो, आणि गेटी आपली ठरल्या वेगाने वाट पाहत बसते. पलीकडच्याने ब्रेकची खूण पाठवली की गेटी पुढच्या नोंदीवर जाते आणि कधीतरी दोघांचे जुळते. हे फिरणे थांबवा. मॉडेमला '&बी१' देऊन पोर्टचा वेग कायम करा (यूएस रोबोटिक्स), आणि ३८,४०० च्या नोंदीच्या शेवटी तिचेच नाव लिहा. लाइन ९,६०० ने जोडो की २८,८०० ने, पोर्ट ३८,४०० वरच राहील. नोंदींच्या मधली रिकामी ओळ खाऊ नका. फाइल बदलल्यावर 'गेटी -सी' देऊन ती तपासून घ्या.

पोर्ट लाइनपेक्षा जलद ठेवला की मॉडेमला "थांब, माझे भरले" असे संगणकाला सांगता आले पाहिजे. ते काम आरटीएस आणि सीटीएस या दोन तारांचे. मॉडेममध्ये ते '&एफ१' दिल्यावर चालू होते (यूएस रोबोटिक्स, बाकीच्यांचे त्यांच्या पुस्तकात पाहा). युनिक्सच्या बाजूला 'एसटीटीवाय'ने 'आरटीएसफ्लो' आणि 'सीटीएसफ्लो' चालू आहेत का पाहा, आणि 'आयएक्सऑन', 'आयएक्सऑफ' बंद करा. हे दोन चालू राहिले तर फाइलमधली काही अक्षरेच थांबण्याची खूण समजली जातात आणि पाठवणे मध्येच अडकते.

एससीओचा एक खोडा लक्षात ठेवा. 'इनिटॅब' फाइलमध्ये हाताने केलेला बदल कर्नल (युनिक्सचा गाभा) पुन्हा बांधला की पुसला जातो, कारण ती फाइल 'कॉन्फ'खालच्या 'इनिट.डी' मधल्या 'एसआयओ' फाइलीतून नव्याने तयार होते. बदल तिथेही करा. महिन्या-दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येत असेल तर मी सगळ्यात आधी हे पाहतो.

६. पाठवणारा प्रोग्राम

लाइन चांगली, पोर्ट चांगला, तरी हळू? मग पाठवण्याची रीत पाहा. एक्समोडेम १२८ बाइटचा ठोकळा पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. जुना कर्मिट मूळ मांडणीत ९४ अक्षरांच्या आसपासची पाकिटे एकेक करून पाठवतो. यूयूसीपीचा 'जी' प्रोटोकॉल ६४ बाइटची पाकिटे आणि तीनची खिडकी घेऊन चालतो, म्हणजे पोच येण्याआधी तीनच पाकिटे पाठवतो. चूक-दुरुस्ती करणारे मॉडेम प्रत्येक फेरीला थोडा उशीर घालतात, त्यामुळे ही वाट पाहण्यातच वेळ जातो. झेडमोडेम न थांबता पाठवत राहतो. तुमच्या मशीनवर 'एसझेड' आणि 'आरझेड' (झेडमोडेमने पाठवणारा आणि घेणारा प्रोग्राम) असतील तर तेच वापरा. कर्मिटच वापरायचा असेल तर दोन्हीकडे पाकिटाची लांबी १,००० च्या आसपास करा आणि खिडकी वाढवा.

फाइल आधी 'कॉम्प्रेस' करून पाठवा. हिशेबाच्या फाइली आकड्यांनी आणि रिकाम्या जागांनी भरलेल्या असतात, त्या चांगल्याच आवळतात. मॉडेमही व्ही.४२बीआयएसने आवळतो हे खरे, पण तेव्हा न आवळलेला सगळा मजकूर आधी सिरियल केबलवरून जावा लागतो.

७. केबल

बाजारात बांधून घेतलेल्या केबलीत पुष्कळदा तीनच तारा असतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. टर्मिनलला ती चालते, मॉडेमला नाही. आरटीएस-सीटीएस नसतील तर वर सांगितलेले थांबा-चला होतच नाही, अक्षरे सांडतात आणि चूक-दुरुस्तीत वेग जातो. पंचवीस पिनांच्या जोडणीत २, ३, ४, ५, ६, ७, ८ आणि २० या पिना सरळ जोडलेल्या हव्यात. मीटरने एकेक तपासा. ८ नंबर म्हणजे कॅरियर, २० म्हणजे डीटीआर (संगणक तयार असल्याची खूण). ही २० नंबरची तार नसेल तर कॉल संपल्यावर मॉडेम फोन ठेवत नाही, आणि एसटीडीचे बिल पाहून मॅनेजर मॉडेमलाच दोष देतो.

३८,४०० वर केबल आखूड ठेवा, दोन-तीन मीटर पुरे. मॉडेम दुसऱ्या खोलीत हवा असेल तर टेलिफोनची वायर लांब करा, सिरियलची नाही.

८. पोर्टची चिप

हे शेवटी, कारण मशीन बंद करावे लागते. जुन्या ८२५० आणि १६४५० चिपांमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शकते. ३८,४०० वर सेकंदाला ३,८४० अक्षरे येतात, म्हणजे दर पाव मिलिसेकंदाला एक. तेवढ्यात डिस्क चालू असेल आणि युनिक्सने अक्षर उचलले नाही तर ते गेले. १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग असते, म्हणून ती हवी. जुनी चिप निघाली तर पोर्ट १९,२०० वर आणून पाहा. चुका थांबल्या तर कारण सापडले. मग १६५५०ए असलेले कार्ड बसवायचे. पहिल्या पोर्टला इंटरप्ट (कार्डाने संगणकाला हाक मारायचा क्रमांक) ४, दुसऱ्याला ३. एकाच क्रमांकावर दोन कार्डे बसली तरी पोर्ट चालतो, पण अतिशय हळू.

नवे कार्ड ओळखवायला 'मेकडेव्ह सिरियल' चालवून कर्नल पुन्हा बांधावा लागतो. त्याआधी टेपवर पूर्ण बॅकअप घ्या आणि ती टेप वाचता येते का ते पाहा. नवा कर्नल उठला नाही तर बूटच्या वेळी 'युनिक्स.ओल्ड' टाइप केले की जुना उठतो. वर्षानुवर्षे बंद न झालेल्या मशीनची डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. त्यामुळे बॅकअपशिवाय स्क्रू काढू नका.

लाइन सुधारत नसेल तर वेग बांधून टाका

माझे ठाम मत आहे: धडपडणाऱ्या २८,८०० पेक्षा स्थिर १४,४०० बरा. मॉडेमला मोकळे सोडले की तो मोठ्या वेगाने जोडतो, दोन मिनिटांनी लाइन साथ देत नाही, रीट्रेन होते, पुन्हा वर चढतो, पुन्हा पडतो. प्रत्येक रीट्रेनला काही सेकंद जातात आणि त्या वेळात एकही अक्षर हलत नाही. यूएस रोबोटिक्सला '&एन८' दिले की तो १४,४०० वरच जोडतो, '&एन१०' म्हणजे १९,२००. त्या लाइनवर सलग तीन-चार कॉल एकही रीट्रेन न होता जातील असा सर्वात मोठा वेग शोधा, तोच ठेवा आणि '&डब्ल्यू' करा. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात झाडांतून येणाऱ्या लाइनीवर मी जूनच्या सुरुवातीलाच वेग खाली बांधतो आणि दिवाळीनंतर मोकळा करतो. रोजची फाइल रोज वेळेत जाते.

कुठे थांबायचे

पहिल्या रोझेटला मॉडेम एकटा लावूनही खरखर येत असेल तर तुमचे काम संपले. पुढची तार, खांबावरची डीपी (तारा वाटणारी पेटी), रस्त्याकडेचा पिलर हे लाइनमनचे. स्वतः खांबावर चढू नका, डीपी उघडू नका.

तक्रार करताना "मॉडेम स्लो आहे" असे सांगू नका, कारण फोनच्या लाइनवर मॉडेमच्या वेगाची हमी कोणी देत नाही. बोलताना खरखर येते असे सांगा. आपल्याकडे लाइनमन पुष्कळदा कन्नड बोलणारा असतो. "लाइनदाग सद्द बरतैति" (लाइनमध्ये आवाज येतोय) म्हटले की तो लगेच कानाला फोन लावतो. खरखर ऐकू येत असतानाच त्याला बोलवा. कोरड्या उन्हात आला तर त्याला दोष दिसणार नाही. भिजलेला जॉइंट बदलून दुसरी जोडी देता येते का, एवढेच त्याला विचारा. चहा द्या, माणूस पावसात खांबावर चढणार आहे.

मॉडेम उघडून आतले भाग बदलू नका. विजेने जळालेला मॉडेम दुरुस्त झाला तरी लाइनच्या बाजूने पूर्वीसारखा राहत नाही, दुसरा शोधा. कर्नल बांधणे, डिस्कचे आवाज, बूट न होणे यांतले काही समोर आले आणि तुम्ही ते पूर्वी केलेले नसेल, तर मशीन जसे आहे तसे ठेवून एससीओ जाणणाऱ्या माणसाला बोलवा. त्यात संस्थेचा सगळा हिशेब आहे.

आणि शेवटचा प्रकार. तुमचा टेलिफोन तांब्याच्या तारेवरून काढून फायबरच्या डबीवर आणला असेल आणि त्याच दिवसापासून मॉडेम बिघडला असेल, तर वरचे काहीही करून पूर्वीचा वेग येणार नाही. तिथे आवाज पाकिटांत तोडून पाठवला जातो. आवाज फार आवळला जात असेल तर मॉडेम जोडतच नाही. न आवळलेल्या मांडणीवर, म्हणजे जी.७११ वर, तो जोडतो, पण पाकिटे मागेपुढे झाली की घसरतो. कंपनीला जी.७११ ठेवायला सांगा, मॉडेम ९,६०० वर बांधा आणि तेवढ्यावर काही दिवस काढा. त्या मुदतीत नेटवर्क जाणणाऱ्याकडून सिरियल पोर्ट इंटरनेटवर नेणारी डबी दोन्ही टोकांना सुरक्षित रीतीने बसवून घ्या. युनिक्सला ती मॉडेमसारखीच दिसते, हिशेबाचा प्रोग्राम बदलावा लागत नाही, आणि मग '&एन'ची गरज राहत नाही.